यादीत नसलेलं टार

"उकळतच नाही ते," मामा म्हणाला. "जळतं."

ऋजुता मॅडमनी मार्कर खाली ठेवला. "घागकाका, सॉफ्टवेअरला प्रत्येक पदार्थाचा बॉइलिंग पॉइंट द्यावा लागतो. नाहीतर ते पुढेच जात नाही."

"नको जाऊ दे मग."

मागे बसलेले इंजिनियर हसले. मी वळून बघितलं तसे थांबले. मी बघितलं की लोक हसायचे थांबतात, हे मला शाळेपासून माहिती होतं. शाळा सुटली तीही त्याच्यामुळेच.

"अंदाजे सांगा, काका."

"तीनशेला धूर येतो. साडेतीनशेला बाजूला जो उभा असेल तो पळतो."

"साडेतीनशे चालेल," मॅडम म्हणाल्या.

"टाक गो निशे, साडेतीनशे."

मी टाकलं. वर नाव विचारत होतं. मामा म्हणाला, टार. कंपनीत ते पहिल्या दिवसापासून होतं, कंप्युटरमध्ये त्या दिवशी आलं.

तीन वर्षं झाली याला. मी तेव्हा सोळाची होते. दहावीच्या प्रिलिमला सुपरवायझर मला म्हणाल्या, कॉपी करतेस, म्हणून मी पेपर फाडला. माझाच फाडला, पण त्यांच्या तोंडासमोर. परत गेले नाही. चार महिने घरातल्या सगळ्यांशी भांडून झाल्यावर आईने मला कळंबोलीहून तिच्या भावाकडे कोकणात पाठवलं, हवापालटाला. मामाचं घर केमिकलच्या एमआयडीसीच्या खालच्या अंगाला. हवा पालटली हे खरं.

मामा, विश्राम घाग, तिथल्या एका कंपनीत डिस्टिलेशनला ऑपरेटर होता. वापरून घाण झालेलं सॉल्व्हंट उंच कॉलममध्ये उकळवायचं, वाफ थंड करायची, स्वच्छ सॉल्व्हंट परत मिळवायचं. तळाला जे काळं चिकट उरतं ते टार. एवढी वर्षं हे करून मामाच्या छातीत शिट्टी वाजायला लागली होती. चिपळूणचे डॉक्टर म्हणाले, वासापासून लांब राहा.

"लांब म्हणजे किती?" मामाने विचारलं.

"दुसरी नोकरी मिळेल एवढं."

दुसरी नोकरी नव्हती. पण कंपनी नवीन प्लांट बांधणार होती, काहीच वाया न घालवणारा, आणि त्याला एसीवाली बंद कंट्रोल रूम होती. डिझाइनच्या टीममध्ये एक ऑपरेटर पाहिजे अशी वरून अट आली होती. म्हणून सात इंजिनियर आणि मामा, असे आठ जण दहा दिवस कॅन्टीनच्या वरच्या खोलीत बसून कंप्युटरवर प्लांट चालवायला शिकत होते. दहाव्या दिवशी परीक्षा. मामा पास झाला तर कंट्रोल रूम. नापास झाला तर पिंपांचं यार्ड. यार्ड म्हणजे ऊन आणि शेकडो पिंपं आणि सगळ्या पिंपांचा मिळून एक वास. मामी रोज सकाळी देवापुढे दिवा लावताना मोठ्याने सांगायची, "कंट्रोल रूम." देवाला दुसरं काही ऐकू जाऊ नये म्हणून.

मामा दोनशे किलोचं पिंप तळाच्या एका कडेवर फिरवत सरळ रेषेत न्यायचा. पण माउस धरला की बाण स्क्रीनच्या कोपऱ्यात जाऊन बसायचा आणि परत यायचाच नाही. पहिल्या दिवशी दुपारी तो मॅडमना म्हणाला, "माझी भाची घरी बसून मामीशी भांडतेय. तिला आणू का? हात तिचा, डोकं माझं."

मॅडम पुण्याच्या, ते सॉफ्टवेअर शिकवायला आलेल्या. बारीक, चष्मा, पायात पुरुषांचे सेफ्टी बूट. म्हणाल्या, "आणा. डोकं कुणाचं आहे ते परीक्षेत कळेल मला."

गेटवर माझ्या पासवर 'पाहुणे' लिहिलं आणि मला हेल्मेट दिलं. कॅन्टीनच्या वर पडणारं काय आहे ते मी विचारलं नाही.

ते सॉफ्टवेअर मला आवडलं. स्क्रीनवर प्लांट काढायचा, चौकोन आणि नळ्या. आत काय येतंय, किती येतंय, किती गरम आहे ते भरायचं आणि चालवायचं. ते गोल गोल हिशेब करत राहतं. सगळं जुळलं की निळं होतं, नाही जुळलं की लाल. लाल झालं तरी ओरडत नाही. तुझ्या घरात हेच शिकवतात का, असं विचारत नाही. नुसतं लाल होऊन थांबतं.

मॅडमनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं होतं : यादीत नाही ते या जगात नाही. म्हणजे कुठले कुठले पदार्थ आहेत ते सुरुवातीला सांगायचं. जे सांगणार नाही त्याचा हिशेब ते कधीच करणार नाही. त्यांनी ते सावध करायला लिहिलं होतं. बऱ्याच जणांना ती सोय वाटली.

त्याच्या खाली देशमाने साहेबांनी लिहिलं : बाहेर = ०. देशमाने साहेब प्लांट मॅनेजर. त्यांच्या डिझाइनमध्ये घाण सॉल्व्हंट कॉलममध्ये जायचं, वरून स्वच्छ सॉल्व्हंट रिअॅक्टरला परत, आणि खाली उरलेलं पण परतच, कारण त्यात थोडा माल असतो. बाहेर काहीच नाही. ते रोज येऊन त्या शून्याला परत गोल करून जायचे. शेवटी शेवटी ते अंड्याएवढं झालं होतं.

सहाव्या दिवसापर्यंत सातही इंजिनियरांचा प्लांट निळा झाला. आमचा लाल.

मॅडम खुर्ची ओढून आमच्या बाजूला बसल्या. "काका, हा आकडा बघा. तुमचं टार खालून परत आत जातंय. परत आलं की नवीन टार त्यात मिसळतंय. प्रत्येक फेरीला वाढतंय."

"बरोबर आहे."

"बरोबर कसं?"

"वाढतंच ते."

"मग खऱ्या प्लांटमध्ये काय करता?"

"तळाला साठलं की काढतो."

"काढून?"

मामाला खोकला आला. खराच आला. मॅडमनी पाण्याची बाटली पुढे केली आणि तो थांबेपर्यंत वाट बघितली.

"मग इथेही बाहेर जाणारी एक नळी काढा," त्या म्हणाल्या. "लगेच निळं होईल."

"नळी कुठं नेऊ?"

"ते तुम्ही सांगायचं. प्लांट तुम्हाला माहितीय."

मामाने फळ्यावरच्या शून्याकडे बघितलं. "राहू दे," तो म्हणाला. "असंच बघूया अजून."

मला आतल्या आत असं झालं की लॅपटॉप उचलून खिडकीतून टाकावा. घरी जाताना मी बोललेच. आम्ही चालत जायचो, कंपनीच्या मागच्या उतारावरून, पऱ्यावरचा साकव ओलांडून. ओढ्याला तिथे पऱ्या म्हणतात आणि त्यावरच्या छोट्या पुलाला साकव.

"टार काढून टाक ना यादीतून. बाकी कुणी घेतलेलंच नाहीये."

"त्यांना म्हायती नाय ते."

"तुला माहिती असून काय मिळालं? लाल."

मी चिडून साकवावरून खाली उतरायला लागले, पाय धुवायला. दिवसभर बुटात सडले होते.

"निशे!" तो असा ओरडला की समोरच्या झाडावरचे बगळे उडाले. "वर ये! पाय धुवायचे तर घरी धू!"

एवढ्या दिवसांत तो माझ्यावर ओरडला नव्हता. मी वर आले. घरापर्यंत त्याच्याशी बोलले नाही. पाय मुद्दाम धुतले नाहीत.

दहाव्या दिवशी दुपारी दोन वाजता फाइल दाखवायची होती. एक वाजता आमचा प्लांट लाल होता. मामा म्हणाला, "जेवून येऊ."

"तू जा. मला भूक नाही."

सगळे खाली गेले. मी यादी उघडली. टारवर गेले, काढून टाकायचं बटण दाबलं. नक्की काढायचं का, असं त्याने एकदा विचारलं. मी हो म्हटलं. मग चालवलं. नऊ फेऱ्या, निळं. दहा दिवसांचं भांडण नऊ फेऱ्यांत मिटलं. मामा डबा माझ्यासाठी ठेवून गेला होता, त्यातलं घावन मी खाल्लं. भूक लागली होती.

मामा हात पुसत आला, त्याच्याबरोबर देशमाने साहेब. साहेबांनी निळा रंग बघितला आणि मामाच्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच. "शाबास घाग! मॅडम, उद्या मुंबईहून डायरेक्टर येतायत. हीच फाइल दाखवायची. एकोणीस वर्षांचा अनुभव आणि बाहेर शून्य. फोटो पण काढू."

मॅडम सातव्या इंजिनियरची फाइल तपासत होत्या. तिथूनच त्यांनी विचारलं, "झालं, काका?"

मामा स्क्रीनकडे बघत राहिला.

"झालं म्हणतायत," मामा म्हणाला.

संध्याकाळी मामीने ओल्या नारळाच्या करंज्या केल्या. मामाने तीन खाल्ल्या. तीन खाल्ल्या म्हणून मला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी मीटिंगच्या खोलीत आम्ही लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडला. समोर दोन डायरेक्टर, एक म्हातारे, एक फोनमध्ये. देशमाने साहेब उभे. मॅडम भिंतीला. मामाने लग्नातला शर्ट घातला होता, माझी खुर्ची त्याच्या खुर्चीला चिकटून.

"निशे," तो हळू आवाजात म्हणाला. "टार परत टाक."

"काय?"

"मला यादी वाचता येते."

"नाही टाकणार."

"टाक."

"पास झालास ना? गप बस आता!"

हे जरा मोठ्याने झालं. फोनमधले डायरेक्टरसुद्धा वर आले. देशमाने साहेब हसले, दातांनी फक्त. "काही प्रॉब्लेम?"

मी माउसवरचा हात काढला आणि हाताची घडी घातली. "हात माझाय," मी मामाला म्हटलं. "तुझा तू वापर."

मग मामाने माउस धरला.

भिंतीवर घड्याळ होतं, म्हणून सांगू शकते : अकरा मिनिटं. बाण दोनदा कोपऱ्यात गेला, एकदा पडद्यावरून पार नाहीसा झाला. मामाने माउस उचलून खाली बघितलं, तिथे पडलाय का म्हणून. चौथ्या मिनिटाला देशमाने साहेब म्हणाले, "घाग, राहू दे." मॅडम म्हणाल्या, "करू द्या त्यांना." सातव्या मिनिटाला यादी उघडली. टारची तीन इंग्रजी अक्षरं शोधायला त्याला दोन मिनिटं लागली. साडेतीनशे त्याने एका बोटाने टाकलं, दरवाजाची बेल दाबावी तसं, आणि प्रत्येक आकडा दाबला की हात मागे घ्यायचा. मी मदत केली नाही. माझ्या हातांना मुंग्या आल्या होत्या पण मी घडी सोडली नाही.

त्याने चालवलं. आकडे वाढत गेले, वाढत गेले, आणि पडदा लाल झाला.

"हे काय?" म्हातारे डायरेक्टर म्हणाले.

"सर, काल बरोबर होतं," देशमाने साहेब म्हणाले. "आत्ता चुकून काहीतरी…"

"आत्ता चुकून नाय," मामा म्हणाला. "काल चुकून होतं."

मॅडम पुढे आल्या. "काल टार यादीतून कुणी काढलं?"

"मी," मी म्हटलं. "मी काढलं. नाहीतर तो नापास झाला असता. बाकी सातांच्या यादीत तर नव्हतंच, त्यांना विचारा ना!"

"तिने कंप्युटरमधनं काढलंन," मामा म्हणाला. "मी एकोणीस वर्षं कॉलममधनं काढतोय. दर शनिवारी दोन पिंपं. पावसाळ्यात तीन."

"आणि कुठे जातं ते?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, हा ट्रेनिंगचा विषय नाही," देशमाने साहेब म्हणाले.

"पऱ्यात," मामा म्हणाला. "कंपाउंडच्या मागे. मीच ओततो."

पाय धुवायचे तर घरी धू. मी मामाकडे बघितलं नाही. टेबलावर बिस्किटांची बशी होती, तिच्याकडे बघत बसले.

"घाग," देशमाने साहेब एकेक शब्द वेगळा करत म्हणाले, "हे करायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाय साहेब. शनिवारी पिंपं भरलेली असायची, सोमवारी रिकामी लागायची. एवढंच सांगितलेलं."

फोनवाल्या डायरेक्टरने फोन उलटा ठेवला. म्हातारे म्हणाले, यावर नंतर बोलू. देशमाने साहेब म्हणाले, आठवड्याला दोन पिंपं म्हणजे नगण्य सर, एवढ्यासाठी डिझाइन बदलायची गरज नाही, शून्य ते शून्यच. मॅडमनी काही न विचारता आमची लाल फाइल त्यांच्या पेन ड्राइव्हवर घेतली आणि पेन ड्राइव्ह बुटात सरकवला. मी बघितलं. त्यांनी बघितलं की मी बघितलं.

मामाच्या परीक्षेच्या कागदावर देशमाने साहेबांनी लिहिलं : फाइल चालत नाही. सोमवारपासून यार्ड.

साकवावर मी थांबले. "मी तुझ्यासाठी केलं ते."

"म्हायत्येय."

"तुझ्या छातीसाठी!"

"म्हायत्येय गो. मी पण तुमच्यासाठीच ओतायचो."

तो पुढे गेला. मी तिथे बराच वेळ उभी होते. पाण्यावर एक पातळ कातडी होती, तिच्यात रंग दिसत होते. खेकडे नव्हते. खेकडे असलेला पऱ्या मी कधी बघितलाच नव्हता, मी कळंबोलीची, म्हणून तोवर मला त्यात विचित्र काही वाटलं नव्हतं.

मामीला घरी गेल्यावर सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि छातीचं काय?"

"पिंपाचं झाकण घट्ट असलं की वास नाय येत," मामा म्हणाला.

ती त्याच्याशी बोलायची बंद झाली. डबा मात्र रोज द्यायची, माझ्या हातात. तिचं म्हणणं, उपाशी माणसाशी अबोला धरण्यात काय अर्थ आहे. म्हणून मी रोज दुपारी यार्डाच्या मागच्या गेटवर जायचे. पास नव्हता, पण वॉचमनला माझ्या बघण्याची सवय झाली होती.

पहिल्या शनिवारी मी तिथे असतानाच डिस्टिलेशनचा नवीन ऑपरेटर विक्रांत ट्रॉलीवर दोन पिंपं घेऊन आला. जुना प्लांट बंद होईपर्यंत तो सांभाळत होता.

"घागकाका, ही टारची. मागे कुठे ओतायची ते तुम्हाला विचारायला सांगितलंय."

"ठेव इथे."

"ओतायची नाहीत?"

"मला यार्डात घातलंय. यार्डात पिंपं ठेवतात. ठेव."

"किती दिवस?"

"झाकण घट्ट लाव. वास येतो."

विक्रांतने लावलं. मामाने पान्याने परत आवळलं, खोकला, खडूने वर तारीख घातली आणि डबा उघडला. पुढच्या शनिवारी आणखी दोन आली. त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी दोन. सोमवारी रिकामी पिंपं कमी पडायला लागली म्हणून स्टोअरवाला ओरडत आला. मामा त्याला म्हणाला, साहेबांना सांग. त्याने सांगितलं नाही. साहेबांना सांगायला त्या कंपनीत कुणीच नव्हतं, सगळे ऐकायलाच होते.

सातव्या शनिवारी मी डबा घेऊन गेले तर देशमाने साहेब यार्डात उभे होते, नाकाला रुमाल. मामा एका झाकणावर वाकून पाना फिरवत होता.

"घाग, ही पिंपं कसली?"

"टारची."

"इथे काय करतायत?"

मामाने झाकण पूर्ण आवळलं. मग उभा राहिला, शिट्टी वाजायची थांबेपर्यंत थांबला.

"तुमच्या डिझाइनमध्ये नायत ना साहेब," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला दिसायची नायत."

साहेबांनी रुमाल काढला नाही. बोटाने एकेक करत त्यांनी पिंपं मोजली, चौदापर्यंत. चौदाव्याला थांबले आणि परत पहिल्यापासून मोजली. मग फोन काढला आणि रुमालातूनच बोलले, "हॅलो… ऋजुता मॅडम आहेत का? डिझाइनमध्ये बाहेर जाणारी एक नळी वाढवायचीय."